कुणी मरत नाही अशी गोष्ट

मागच्या वेळी याच कार्यक्रमात आम्ही प्रेमकथांच्या कादंबऱ्यांवर गप्पा मारल्या होत्या. वाचनालयातून आणलेली कादंबरी दुपारी का सोडवत नाही, नायक नेहमी उंचच का असतो, सासू नेहमी खाष्टच का, असं हसत-खेळत बोलणं झालं. कार्यक्रम संपल्यावर केंद्रावर एक फोन आला. आवाज तरुण होता. तिने नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं, "ताई, दोन मुलींच्या प्रेमाची एखादी गोष्ट आहे का, जिच्यात शेवटी कुणी मरत नाही?"

आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. "शोधून सांगतो," एवढंच म्हणालो. आजचं बोलणं हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती ऐकत असेल असं धरून बोलतोय, पण ऐकायला सगळ्यांनीच थांबा.

आधी आमचं वाचन कसं चालतं ते सांगतो. आमच्या गटाच्या मासिक सभेत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या की अर्धा तास गोष्टीचा असतो. आमच्यातल्या दोघी-तिघी मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. अडलेला शब्द शोधायचा, रात्री दहा-वीस पानं वाचायची आणि सभेत ती गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. ऐकणाऱ्या मग आपापलं मत देतात, आणि आमच्या बायका मत द्यायला मागं हटत नाहीत. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते विद्वानांचं मत नाही, वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या बायकांचं आहे.

आता दोन शब्द समजून घेऊ. इंग्रजीत 'रोमान्स' नावाचा कादंबऱ्यांचा एक मोठा प्रकार आहे. त्याचे दोनच नियम. गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट समाधानाचा, निदान आशेचा हवा. आपल्या व्रतांच्या कहाण्या जशा सुफळ संपूर्ण होतात, तसंच हे. मधे कितीही संकटं येऊ देत, शेवट गोड होणार हे वाचणारीला आधीपासून ठाऊक असतं. दुसरा शब्द 'सॅफिक'. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर सॅफो नावाची कवयित्री होऊन गेली. तिने स्त्रियांवरच्या प्रेमाच्या कविता लिहिल्या. तिच्या नावावरून 'सॅफिक' आणि तिच्या बेटावरून 'लेस्बियन' हे शब्द आले. म्हणजे सॅफिक रोमान्स ही बाईने बाईवर केलेल्या प्रेमाची, गोड शेवटाची गोष्ट.

पण हा गोड शेवट फार उशिरा मिळाला. का, ते ऐका.

अमेरिकेत 1952 साली 'स्प्रिंग फायर' नावाची कादंबरी आली. स्वस्तातलं, कागदी बांधणीचं पुस्तक. अशी पुस्तकं तिकडे औषधांच्या दुकानात आणि स्टेशनवर मिळायची. लिहिणारी होती मॅरिजेन मीकर, पण पुस्तकावर नाव होतं व्हिन पॅकर, म्हणजे पुरुषाचं वाटावं असं. कॉलेजातल्या दोन मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात, अशी गोष्ट. प्रकाशकाने तिला आधीच बजावलं होतं की विषय चालेल, पण शेवट सुखाचा करायचा नाही. कारण काय, तर पुस्तकं टपालाने जायची. असलं प्रेम सुखी दाखवलं तर टपालखातं ते पुस्तक अश्लील ठरवून अडवू शकत होतं. मग शेवट काय झाला? एकीला वेड लागलं आणि दुसरी म्हणाली, माझं तिच्यावर खरं प्रेम नव्हतंच.

हे सांगितलं तेव्हा आमच्या सभेत क्षणभर शांतता पसरली. मग एक जण म्हणाली, "म्हणजे ती पोरगी वेडी प्रेमानं झाली नाही, पोस्टानं झाली." हसलो आम्ही, पण वाक्य खरं आहे. कितीतरी वाचणाऱ्यांनी तो शेवट वाचून धरून चाललं असेल की आपल्यासारखीचं असंच होतं. तो नियतीचा शेवट नव्हता, तो टपालाचा नियम होता, हे त्यांना कोण सांगणार? पुस्तक लाखांनी खपलं आणि लेखिकेला बायकांची ढीगभर पत्रं आली. स्वतः मीकर मात्र ते पुस्तक पुन्हा छापायला पुढे कित्येक वर्षं तयार नव्हती.

त्याच 1952 साली दुसरी एक कादंबरी आली, 'द प्राइस ऑफ सॉल्ट'. लेखिका पॅट्रिशिया हायस्मिथ. तिची पहिली कादंबरी गाजली होती, तिच्यावर हिचकॉकने सिनेमाही काढला होता. तरी हे पुस्तक तिने क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने दिलं. टेरीज ही मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात काम करणारी तरुण मुलगी. कॅरल ही नवऱ्यापासून वेगळी होऊ पाहणारी, एका मुलीची आई. नवरा दोघींच्या मागे गुप्तहेर लावतो आणि त्याने गोळा केलेले पुरावे पुढे करून लेकीचा ताबा घेतो. कॅरलला फार मोठी किंमत मोजावी लागते. पण शेवटी दोघी जिवंत असतात, शहाण्या असतात आणि पुन्हा एकमेकींकडे येतात. हायस्मिथने पुढे लिहिलं आहे की या एका कारणासाठी तिला वाचकांची भरपूर पत्रं आली. या दोघींना मरावं लागलं नाही, म्हणून लोक आभार मानत होते. तरी पुस्तकावर स्वतःचं नाव घालायला तिला 1990 साल उजाडलं. तेव्हा पुस्तकाचं नावही 'कॅरल' झालं, आणि 2015 मध्ये त्याच नावाने सिनेमा निघाला. आणखी एक गंमत म्हणजे वेड्या शेवटाची मीकर आणि आशेच्या शेवटाची हायस्मिथ पुढे काही काळ एकमेकींच्या प्रेमात होत्या आणि एका घरात राहिल्या.

हे झालं अमेरिकेचं. आपल्या मराठीत काय होतं? 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा केली होती. सुमित्रा देव ही पुण्यात शिकणारी, मनमोकळी, धीट मुलगी. तिचं नमा नावाच्या मुलीवर प्रेम बसतं. गोष्ट सांगणारा बापू हा तिचा मित्र. तो तिला समजून घेतो, पण त्याचीही हिंमत कमी पडते. शेवटी मित्रा जीव देते. त्या काळात हा विषय मराठी प्रेक्षकांसमोर मांडणं फार मोठ्या धाडसाचं होतं, आणि तेंडुलकर मित्राला दोष देत नाहीत, तिला एकटं पाडणाऱ्यांकडे बोट दाखवतात. आमचं त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की मराठी मुलीने शोधायला जावं आणि हाताला पहिली लागावी ती मित्रा, आणि मित्रा तर गेलेली. फोनवरची मुलगी 'कुणी मरत नाही अशी' असं का म्हणाली, ते आम्हाला हे नाटक वाचल्यावर कळलं.

आता अलीकडच्या कादंबऱ्या. दोन सांगतो, एक हलकी आणि एक जड.

हलकी आहे अलेक्झांड्रिया बेलफ्लरची 'रिटन इन द स्टार्स', 2020 सालची. एक डार्सी, विम्याचा हिशेब मांडणारी, आकड्यांशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. दुसरी एल, राशिभविष्य सांगणारी. पहिलीच भेट फसते. पण भावाने पुन्हा स्थळं दाखवू नयेत म्हणून डार्सी त्याला थाप मारते की आमचं जमलंय. मग दोघी खोटं खोटं जमल्याचं नाटक करतात आणि खरंच प्रेमात पडतात. पत्रिकेवाली आणि हिशेबवाली, हे ऐकूनच आमच्या सभेत हशा पिकला. या गोष्टीत दोघी बायका आहेत याबद्दल कुणी ब्रसुद्धा काढत नाही. एकीने विचारलं, "असं कुठं असतं का?" त्यावर दुसरीने दिलेलं उत्तर आम्ही लिहून ठेवलंय. ती म्हणाली, "आपण वाचतो त्या नायक-नायिकेच्या कादंबरीत जात कधी आडवी येते? हुंडा येतो? तिथं चालवून घेता, मग इथंच खरं-खोटं कशाला तपासता?"

बरोबर आहे. हलकी गोष्ट वाचायचा हक्क सगळ्यांना सारखाच हवा. प्रत्येक वेळी दुःखाची परीक्षा देऊनच प्रेम मिळवायचं, ही अट काहींनाच का?

जड गोष्ट मलिंडा लोची, 'लास्ट नाइट अ‍ॅट द टेलिग्राफ क्लब', 2021 सालची. तिला अमेरिकेचा मानाचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तरुण वाचकांच्या विभागात. साल 1954, सॅन फ्रान्सिस्कोमधली चिनी वस्ती. सतरा वर्षांच्या लिलीला अंतराळयानांचं वेड आहे, आणि वर्गातल्या कॅथवर तिचं मन जडलंय. औषधांच्या दुकानात उभी राहून ती चोरून एक स्वस्तातलं पुस्तक वाचते, त्यात दोन बायकांचं प्रेम असतं. आत्ता सांगितली ना टपालाच्या काळातली पुस्तकं, अगदी तसलंच. तिकडे सरकारने तिच्या वडिलांची नागरिकत्वाची कागदपत्रं अडवून ठेवलेली. म्हणजे मुलीने पाऊल चुकवलं तर सगळ्या घरावर संकट, ही भीती. 'लोक काय म्हणतील' हे चिनी वस्तीतही आपल्या आळीसारखंच आहे. आई-वडील तिच्यावर प्रेम करतात आणि तरीही तिला समजून घेऊ शकत नाहीत, हे वाचताना आम्हाला दोन्ही बाजूंचं वाईट वाटलं. ताटातूट होते, पण शेवटच्या पानांत पुन्हा भेट आहे. आम्हा सगळ्यांना हीच जास्त आवडली, कारण तिचा गोड शेवट फुकटचा नाही.

एक तक्रारही सांगतो. बऱ्याच हलक्या कादंबऱ्यांत घरभाडं कोण भरतं ते कळतच नाही. आम्ही पडलो बचत गटाच्या बायका, आमचं पहिलं लक्ष तिकडे जातं. 'कॅरल' आम्हाला खरी वाटते ती म्हणूनच. त्यात टेरीजची नोकरी आहे, पगाराची चणचण आहे, आणि मुलीचा ताबा कुणाकडे हा प्रश्न आहे. प्रेम टिकायला हाताला काम लागतं, डोक्यावर छप्पर लागतं, आणि जिला सगळं सांगता येईल असं एक तरी माणूस लागतं. मित्राकडे हे शेवटचं नव्हतं.

इथे गोष्ट सोडून थोडं कायद्याचं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. लग्नाचा हक्क मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाला नाही, तो विषय न्यायालयाने कायदेमंडळावर सोडला. पण 2024 मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि खात्यावर एकमेकींचं नाव नॉमिनी म्हणून लावायला कसलीही आडकाठी नाही. पासबुकावर दोन नावं एकाखाली एक, हाही एक प्रकारचा गोड शेवटच आहे. आमच्या मते तर फार पक्का.

आता एक कबुली द्यायची आहे. ती न देता हे भाषण संपवलं तर खोटेपणा होईल.

काही वर्षांपूर्वी दोन मुली घर सोडून गेल्याची बातमी आमच्या सभेत निघाली होती. आम्ही हसलो होतो. कुणी काय काय बोललं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी आमच्यातली एक जण खाली मान घालून पासबुकाचा कोपरा दुमडत बसली होती. पुढच्या महिन्यात तिने आपली बचत काढून घेतली, कर्जाचा शेवटचा हप्ता भरला आणि गट सोडला. कारण विचारलं तर म्हणाली, वेळ होत नाही. ते खरं असेलही. पण या कादंबऱ्या वाचताना तो दुमडलेला कोपरा आम्हाला परत परत आठवला. टपालखात्याने पुस्तकाचा शेवट ठरवला म्हणून आम्ही नाक मुरडतो, पण त्या दिवशी आम्हीही तेच करत होतो. आमच्या हसण्यातून सभेतल्या प्रत्येकीला कळत होतं की अशा गोष्टीचा शेवट इथं कसा होणार.

म्हणून आमच्या गटाने एक साधा नियम केला. कुणाच्या प्रेमावर सभेत हसायचं नाही. इतिवृत्तात तो लिहिलेला नाही, पण पाळला जातो. घरात एखादी मुलगी 'लग्न नको' म्हणाली तर 'कुणी आहे का तुझ्या मनात' असं विचारताना तो मुलगाच असेल असं धरून चालू नका. आणि ती जे सांगेल ते ऐकून पहिल्या दिवशी फक्त एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस." बाकीचं नंतर सुचेल.

आता फोन करणाऱ्या मुलीसाठी. बाळ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. अशा गोष्टी आहेत, एक-दोन नाहीत, भरपूर आहेत. दोन तर आज सांगितल्या. मराठीत मात्र अजून फार थोडं लिहिलं गेलंय. तुला वाचायचं असेल तर केंद्रावर पुन्हा फोन कर, नाव सांगायची गरज नाही. आम्ही पुढची गोष्ट वाचून ठेवतो. आणि कधी तुला स्वतःलाच लिहावीशी वाटली तर जरूर लिही. शेवट कसा करायचा हे तुला कुणी सांगणार नाही. आम्ही सभेत ती मोठ्याने वाचू.