ओरडतो पट्टा, दोषी भलताच

भल्या पहाटे स्टार्टर मारला की काही ट्रक अख्खी गल्ली जागी करतात. केबिनखालून येणारी ती किंचाळी ऐकून ड्रायव्हर निदान करून मोकळा होतो: बेल्ट गेला. नवा बेल्ट बसतो, आठवडाभर शांतता, मग पुन्हा तेच. आवाज पट्ट्यातूनच निघतो हे खरं. पण पट्ट्याला ओरडायला लावणारा बऱ्याचदा दुसराच कुणीतरी असतो.

इंजिनाच्या तोंडाशी असलेली क्रँकची पुली या पट्ट्याच्या जोरावर पाण्याचा पंप, अल्टरनेटर आणि बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखाही फिरवते. सगळा खेळ घर्षणाचा. रबरानं पुलीला घट्ट धरलं आहे तोवर आवाज नाही. ओढ पकडीपेक्षा वाढली की रबर सटकतं, सटकताच ताण उतरतो, ते पुन्हा चिकटतं, पुन्हा सटकतं. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि त्या थरथरीचा सूर आपल्या कानांवर आदळतो. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिथं त्याचे पैसे मिळतात.

किंचाळी बहुधा अल्टरनेटरपाशीच का उठते? याचा हिशेब 18व्या शतकात लिओनार्ड ऑयलरनं मांडून ठेवला आहे. पट्ट्याच्या ओढत्या आणि सैल बाजूंच्या ताणांत किती फरक चालेल, हे घर्षण आणि पुलीला पडलेला वेढा यांवर ठरतं. घर्षणांक 0.3 आणि वेढा अर्ध्या वर्तुळाचा धरला, तर सपाट पट्टा सटकण्याआधी सुमारे अडीच पट फरक सोसतो. तोच पट्टा 'व्ही' आकाराचा करून 38 अंशांच्या खाचेत पाचरीसारखा बसवला, तर हाच आकडा 18च्या घरात जातो. पण वेढा 180 अंशांवरून 120वर आला की 18चे थेट 7 होतात. अल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान, तिला वेढाही कमी. त्यात रात्रभर गारठलेली बॅटरी स्टार्टरनं आणखी उपसलेली. ती भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो आणि पट्टा तिथंच हार खातो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान द्यावा. रेस वाढवल्यावर आवाज वाढत गेला, हेडलाइट लावताच आणखी चिरका झाला, तर पट्टा घसरतो आहे. गाडी नुसती उभी चालू असताना चिमणीसारखी ठेक्यात चिवचिव येत असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत. शंका राहिली तर पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबूनच पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेष चुकलेली. उलट वाढला तर ताण कमी. गळ्यातला गमछा मात्र आधी काढून ठेवायचा. फिरत्या पट्ट्यानं ओढलेला गमछा सुटत नाही.

इंजिन बंद करून, पट्टा उतरवून पुल्या हातानं फिरवून पाहाव्यात. खरखर लागली किंवा पुली डुलली, तर बेअरिंग गेलं आहे. तिथं नवा पट्टा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. पंपातून कूलंट किंवा वरून ऑइल ठिबकत असेल, तर आधी ती गळती. आणि एक खूण फार कमी लोक बघतात: 'व्ही' खाचेचा तळ. तो घासून चकचकीत झाला असेल, तर झिजलेला पट्टा तळाला टेकतो आहे, पाचर उरलेलीच नाही. मग कितीही ताणा, तो घसरणारच. घसरून तापतो, तापून कडक आणि गुळगुळीत होतो, म्हणून आणखी घसरतो.

साबण, मेणबत्ती, डब्यातला चिकट स्प्रे हे उपाय मला कधीच पटले नाहीत. आवाज दबतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि मूळ दुखणं घाटात, पंखा थांबून इंजिन उकळल्यावर कळतं. घट्ट आवळणं हाही उपाय नव्हे. त्यात पट्टा गप्प होतो, पण अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग मरतं. दोन पुल्यांमधल्या सगळ्यांत लांब भागावर अंगठ्यानं दाबलं की पट्टा साधारण सेंटिमीटरभर दबावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. स्वयंचलित टेन्शनर असेल तर त्याची स्प्रिंग आणि हात तपासायचे.

जुन्या ट्रकांत दोन पट्टे जोडीनं धावतात. त्यातला तुटलेला एकच बदलला, तर ताणून लांबलेला जुना नुसता मिरवतो आणि सगळं ओझं नव्यावर पडतं. जोडी एकदम बदलायची. नवे पट्टे थोडं पळाल्यावर खाचेत बसतात आणि सैलावतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा बघायचा, इंजिन थंड झाल्यावर.