पाणी, पोल आणि पावणेदोन लाख

पहाटे ४.४५

मोटर चालू झाली की आधी मीटर बुडवायचं. पेनाएवढं टीडीएस मीटर, दोनतीनशे रुपयांत मिळतं. आज बोअरचा आकडा ९६०. म्हणजे लिटरभर पाण्यात जवळपास ग्रॅमभर क्षार. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक, आयएस १०५००, पाचशेपर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोयच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतं. तेव्हा देवगाव रंगारीच्या माणसाला हे पाणी बाद नाही. काचेला बाद आहे. काचेवर त्याचा एक थेंब वाळू द्या, पांढरं वर्तुळ उमटतं. तेच आठवडाभर उन्हात राहिलं तर नखाने खरवडूनही जात नाही.

माझा धंदा काचा आणि सोलरच्या प्लेटा धुण्याचा. हाताखाली भाचा आहे आणि दाराशी छोटा हत्ती. आज गाडीत एक पाहुणी पेटीही आहे. शहरातल्या एका ओळखीच्याकडून दिवसाला दीड हजार भाड्याने आणलेली. पेटीत पंप, बॅटरी आणि पाणी शुद्ध करणारं रेझिन. वेगळ्या पिशवीत कार्बनचा पोल, त्याच्या टोकाला ब्रश आणि ब्रशमधून पाणी. नवा संच घ्यायचा तर कोटेशन पावणेदोन लाखांचं आहे. ते खिशात घेऊन फिरतोय.

भाच्याला विचारलं, टाकीत कोणतं पाणी भरायचं?

“मामा, बोअरचंच भरू की. पेटी शुद्ध करती ना?”

करते. पण फुकट करत नाही. त्याचा हिशेब पुढे येईल. सध्या दोनशे लिटर बोअरचं भरलं, आणि आरओवाल्याकडून वीस लिटरचे चार जार उचलले. जारचा आकडा ७०.

सकाळी ६.१५

गावाबाहेरच्या शेतावर पाच एचपीचा सौरपंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच. शिमगा होऊन गेलाय, आजूबाजूला गव्हाची मळणी जोरात आहे. भुसा, फुफाटा आणि वर बगळ्यांनी घातलेली भर. प्लेटा पार मातकट.

प्लेटा उन्हं वर यायच्या आत धुवायच्या. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती असते. आणि पाणी तिथल्या तिथे उडून जातं, क्षार तेवढा मागे राहतो. धुवायला चढलेला माणूस प्लेटेवर पाय देतो, तेही वाईट. वरून काही दिसत नाही, पण आतल्या सेलला बारीक तडा जातो आणि पुढे वीज कमी का आली हे कुणाला कळत नाही. खालून पोलने धुतलं की हा प्रश्नच येत नाही.

अण्णा बांधावर उभे राहून बघत होते.

“पाऊस पडला की आपोआप धुतल्या जातात ना ओ. मग पैशे कामून?”

“अण्णा, पाऊस जूनला. भरणं आता चालू आहे.”

त्यांनी मान हलवली, पण पटलं असं नाही. पावसाळ्यात ते म्हणतात तसंच होतं, हे मलाही मान्य आहे. म्हणून पावसाळ्यात मी शेतावरचं काम धरत नाही. दिवाळी ते मृग हा माझा हंगाम.

इथे पेटी उघडलीच नाही. साधा अॅल्युमिनियमचा दांडा, मऊ ब्रश, बोअरच्या पाण्याने माती सोडवली आणि शेवटचा हात जारच्या पाण्याने. ते पाणी पुरवायला पाठीवर बॅटरीचा फवारणी पंप. होय, तोच, कपाशीवर औषध मारायचा. सोळा लिटर, बारा व्होल्टची बॅटरी, आत छोटा डायफ्रॅम पंप. परदेशी कॅटलॉगमध्ये ‘पाठीवरचा पाणीपुरवठा संच’ म्हणून जे चित्र असतं ते बघून भाचा हसला होता. असला पंप आमच्याकडे घरटी एक आहे. फक्त नवा घ्यायचा. औषध मारलेल्या पंपात तेलकट अंश राहतो, कितीही धुतला तरी. तो काचेवर आला की इंद्रधनुष्य उमटतं आणि गिऱ्हाईक जातं.

सकाळी ८

चहा, आणि लासूर स्टेशनमार्गे शहर. टाकी जराशी रिकामी झाली तरी गाडी चढाला कण्हते. पाणी लिटरला किलो भरतं, हे या धंद्यात रोज आठवतं. पाचशे लिटरची टाकी भरायची म्हणजे अर्धा टन घेऊन हिंडायचं, आणि डिझेल त्या अर्ध्या टनाचंही लागतं.

रस्त्याने छपरांवर प्लेटा दिसतात. केंद्राची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. त्याच वर्षी शेजारच्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला राज्यातला पहिला. प्लेट ५५० वॅटची धरली तर तीन मेगावॅटला साडेपाच हजारांच्या आसपास प्लेटा लागतात. असल्या कामाचा ठेका माझ्यासारख्याला मिळणार नाही. पण आकडा मनात घोळतो, आणि नेमका असल्या आकड्याच्या भरात माणूस पावणेदोन लाखांच्या कोटेशनवर सही करतो.

सकाळी १०

जालना रोडच्या आतल्या बाजूला तीन मजली दवाखाना. समोरून सगळी काच. इथे पेटी काढली.

या यंत्राची करामत पाण्यात आहे. पाणी रेझिनमधून गेलं की क्षार रेझिन धरून ठेवतं आणि मीटरवर ००० दिसतं. असं पाणी काचेवर वाळलं तरी मागे काही राहत नाही, कारण मागे राहायला त्यात काही नसतंच. पुसायची गरज नाही, म्हणून वर चढायची गरज नाही. ब्रशने घासा, ब्रश काचेपासून जरा उचलून वरून खाली पाणी सोडा आणि पुढच्या तावदानावर जा. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचावरच्या कामाचे नियम आले. जे काम जमिनीवरून होऊ शकतं ते वर चढून करू नये, असं मालकावर बंधन आलं. तिथल्या शिडीवाल्यांनी मग हे पोल हातात घेतले. आमच्याकडे अजून परांची नाही तर दोराला लोंबकळलेला पोरगा.

पहिल्या धुण्यात मात्र फसगत होते. चौकटीच्या फटीत, रबरात, सिलिकॉनच्या कडेला वर्षांची धूळ बसलेली असते. शुद्ध पाणी ती ओढून आणतं आणि स्वच्छ काचेवर ओघळ सोडतं. म्हणून आधी चौकटी, मग काचा, मग पुन्हा काचा. आणि जुने क्षाराचे डाग, जे कूलरच्या किंवा झाडांना मारलेल्या पाण्याने पडलेत, ते या पाण्याने जात नाहीत. त्यांना सौम्य आम्लच लागतं, तेही हातमोजे घालून. विकणारा हे सांगत नाही. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

पोलबद्दल मात्र तक्रार नाही. तीस फुटांवर आमचा अॅल्युमिनियमचा दांडा गळाच्या काठीसारखा वाकतो. ब्रश काचेवर टेकवायचा म्हणजे अंदाजाचा खेळ. कार्बनचा पोल ताठ राहतो आणि वजनाला इतका कमी की भाच्याने तासाभरानेही खांदा चोळला नाही. तो उभा करायच्या आधी मात्र मान वर करून बघायचं. कार्बनमधून वीज जाते. गल्लीतून अकरा हजार व्होल्टची तार गेली असेल तर त्या बाजूचं काम सोडून द्यायचं, पैसे कितीही असोत. अॅल्युमिनियमचंही तेच. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तार होती. मागची बाजू केली नाही, बिलातून वजा केली. व्यवस्थापक जरा नाराज झाला.

दुपारी १२.३०

मीटर ००० वरून ००८ वर आलं, आणि भाकरी सोडायच्या आत ०२१. रेझिन संपलं.

हाच तो पहाटेचा हिशेब. असं मिश्र रेझिन लिटरला साधारण २५ ते ३० ग्रॅम क्षार धरतं. पेटीत सहा लिटर, म्हणजे अंदाजे १६० ग्रॅम. आमच्या ९६०च्या बोअरवर तेवढ्यात १७० लिटर पाणी निघतं, बस्स. ग्लासगोसारख्या शहरात तळ्याचं मुळातच मृदू पाणी नळाला येतं. आकडा चाळीस धरला तर तीच पेटी चार हजार लिटर देईल. यंत्र तेच, किंमत तीच. पण त्यांचं रेझिन हंगामभर चालतं आणि आमचं जेवणाच्या सुट्टीपर्यंत. महाग यंत्र परवडतं की नाही हे विचारताना लोक यंत्राची किंमत बघतात. मराठवाड्याच्या काळ्या खडकातलं पाणी त्या कोटेशनमध्ये कुठेच नसतं.

सहा लिटर रेझिन माझ्या दुकानदाराकडे २,१०० रुपये. बोअरवर चालवलं तर शुद्ध पाणी लिटरला बारा रुपयांच्या वर पडतं. शहरातलं नळाचं पाणी जायकवाडीचं; आज दवाखान्यातल्या नळाला मीटर लावलं तर २६० आलं. त्यावर साडेतीन रुपयांच्या आत. आणि जारच्या ७०च्या पाण्यावर रेझिन नव्वद पैसे, जार लिटरला रुपया, म्हणजे दोनच्या आत. जार म्हणजे कुणीतरी आधीच आरओ केलेलं पाणी. बहुतेक क्षार तिथेच गळालेले, रेझिनला उरलंसुरलं.

स्वतःचा आरओ बसवला तर? विचार केला होता. पण छोट्या आरओत लिटरभर शुद्ध पाण्यामागे तेवढंच किंवा त्याहून जास्त वाया जातं. या शहरात नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही. गिऱ्हाइकाच्या दारात पाण्याचा ओघळ सोडून काच चमकवायची हिंमत माझ्यात नाही.

रेझिन बदललं. उरलेले जार टाकीत ओतले. ठेचा आज जरा जास्तच तिखट.

दुपारी ३

काही नाही. पश्चिमेची काच तापलेली, ब्रश फिरवेपर्यंत पाणी वाळतं. सावलीत बसून राहायचं. भाचा झोपला. कोटेशनवाल्याचा फोन आला: “साहेब, महिन्यात वसूल होतं.” मी विचारलं, कोणत्या पाण्यावर? तो म्हणाला, कोणत्याही पाण्यावर चालतं. चालतं, हे खरंच आहे.

संध्याकाळी ५.१५

पश्चिमेची बाजू तासाभरात झाली. दोराचा माणूस लावला असता तर त्याचा अर्धा दिवस गेला असता आणि माझा जीव खालून टांगणीला. पैशात न धरता येणारी ही एकच बाब पोलच्या बाजूने इतकी जड आहे, की इथून पुढे दुसऱ्या मजल्याच्या वर मी पोराला शिडीवर चढवणार नाही. भाच्याच्या आईला, माझ्या बहिणीला, तोंड दाखवायचं असतं.

रात्री ८.३०

वही. एका बाजूला पेटी: १,७५,०००. महिन्यात दोन दिवस शहराचं उंच काम मिळतं, तेव्हा भाड्यात वर्षाला ३६,००० जातात. म्हणजे विकत घेतली तर वसूल व्हायला पाच वर्षं, तीही पंप आणि नळ्या पाच वर्षं टिकल्या तर. महिन्याला सहा दिवस काम असतं, तर पावणेदोन वर्षांच्या आत सुटली असती.

दुसऱ्या बाजूला पेटी फोडून हिशेब. पंपाला पर्याय फवारणीचा पंप. रेझिनच्या नळकांड्याला पर्याय सॉफ्टनरवाल्याकडे मिळणारी एफआरपीची बाटली. पाण्याला पर्याय जार, नाहीतर बॅटरीचं पाणी बनवणाऱ्याकडून ड्रमने डीएम पाणी. लिटरला अडीच रुपये सांगितले त्याने. ब्रश इथेही मिळतो. पर्याय मिळेना तो एकट्या पोलला. ताठ, हलका, तीस फुटी कार्बन आमच्याकडचा कुणी फॅब्रिकेटर बनवत नाही.

हिने वहीत डोकावून विचारलं, “अहो, मग घ्यायची का नाही?”

“पोल घेऊ. पेटी नको.”

“पेटीवाला नुसता पोल देईल?”

हा प्रश्न मला सुचला नव्हता. कोटेशन उलटून बघितलं. खाली बारीक अक्षरात सुट्या भागांची यादी होती. पोल चौथ्या ओळीवर, आणि पूर्ण संचाच्या निम्म्याहूनही खाली. भाच्याला हाक मारली: पेटी सकाळी नऊच्या आत परत पोचवायची, येताना सॉफ्टनरवाल्याकडे बाटलीचा भाव काढायचा, आणि आरओवाल्याला आठ जार सांगून ठेवायचे.

“आठ कामून, मामा?”

“दवाखानेवाल्याने शेजारच्या इमारतीचं विचारलंय. तिच्या मागे तार नाही.”