महाग डबी, स्वस्त डबी आणि बिननावाची डबी

धान विकून हाती पैसा आला, झाडीपट्टीत नाटकांचे मंडप उभे राहिले आणि लग्नसराई जवळ आली, की घरोघरी मुलींची एक मागणी हमखास होते: ‘आई, मला ती क्रीम हवी.’ मूल, आरमोरी, सिंदेवाही, वडसा, कुठल्याही बाजारात जा. पन्नास रुपयांची डबी आहे, पाचशेचीही आहे. दहापट पैसे मोजले तर दहापट गुण येतो का?

आधी डबीत काय असते ते पाहू. कातडी मऊ ठेवणाऱ्या बहुतेक क्रीममध्ये पाणी, तेल किंवा मेण आणि ग्लिसरीन हाच मुख्य माल. ग्लिसरीन ओल धरून ठेवते, तेल-मेण ती उडू देत नाही. हेच काम साधी पेट्रोलियम जेली आणि पाणी घातलेले ग्लिसरीन करते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा. टाचांच्या भेगांनाही तेच चालते. आपल्याकडे मोहाच्या बियांचे तेल आहे, दुधात वाटलेली चारोळी आहे. महाग डबीत तुम्ही बरेचसे पैसे सुवास, बाटली आणि जाहिरातीचे देता. उन्हापासून जपणाऱ्या क्रीमवर मात्र ‘एसपीएफ’चा आकडा असतो. तिथे आकडा पाहा, किंमत नव्हे. तो 30 असला तरी पुरे.

खरा धोका स्वस्ताईत नाही, बिननावाच्या डबीत आहे. अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना, आई आणि तिच्या दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला, तेव्हा कारण निघाले त्या लावत असलेली गोरेपणाची क्रीम. तिच्यात पारा होता. पारा कातडीतले रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. क्रीम थांबवली की रंग पूर्ववत होतो, मूत्रपिंडाचे मात्र सांगता येत नाही. म्हणूनच 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई केली आहे.

दुसरा धोका स्टेरॉइडच्या ट्यूबचा. हे औषध आहे, प्रसाधन नव्हे. 2018 साली सरकारने अशी 14 मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली. महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ व लाल होते, मुरमे येतात, चेहऱ्यावर लव वाढते.

तेव्हा बाजारात एवढे पाहा. डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, छापील किंमत आणि वापराची मुदत आहे का? यातले काही नसेल, तर ती फुकटही घेऊ नका. ‘आठ दिवसांत गोरी’ म्हणणाऱ्यावर विश्वास नको. क्रीम लावणाऱ्या बाईचे पाय किंवा चेहरा सुजला, लघवीला फेस आला, तर डबीसकट सरकारी रुग्णालय गाठा. घरात आणखी कोणी तीच लावत असेल, तर तिलाही न्या.

आणि मुलीला एक गोष्ट जरूर सांगा. रोवणीच्या उन्हात आपली कातडी सांभाळतो तो हाच सावळा रंग. तो घालवायला पैसे कशाला मोजायचे?