सिकलसेल: जनुकापासून घरापर्यंत

मे महिन्यात विदर्भातल्या कामठीत पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो, तेव्हा सिकलसेलग्रस्त मूल असलेल्या घरात काळजी वाढते. अंगातले पाणी कमी झाले की त्याची हाडे-सांधे असे ठणकतात, की पाऊल टेकवत नाही. आजार जन्मापासून जनुकात आहे; मग दुखणे नेमके उन्हातच का उसळते?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते; ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आल्याचे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. पण एवढ्यानेच वेदना होत नाही. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे ताठ धागे बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. पेशीतले पाणी घटले की हिमोग्लोबिन दाटते, धागे झपाट्याने जमतात. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की तिथला ऑक्सिजन आणखी घटतो आणि आणखी पेशी वाकतात. म्हणजे रेणूचा परिणाम शरीरावर होतो, तसा ऊन, तहान, ताप यांचा परिणाम रेणूपर्यंत पोचतो.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्तक्षय. जन्मानंतर काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते. तेच वाढवण्याचे काम हायड्रॉक्सियुरिया हे औषध करते.

या जनुकामागे समाजाचा इतिहासही आहे. त्याची एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. मलेरियाच्या पट्ट्यांत ते म्हणूनच पिढ्यानपिढ्या टिकले. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. आज विदर्भात ग्रस्ताला लाल कार्ड मिळते, वाहकाला पिवळे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ग्रस्त बाळाची शक्यता २५ टक्के असते.

त्यामुळे उपायही प्रत्येक पातळीवर हवेत. औषधात खंड नको, वर्गात पाण्याची बाटली हवी, ताप अंगावर काढू नये, लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी व्हावी. २०२३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय अभियान २०४७ पर्यंत निर्मूलनाचे ध्येय ठेवते. ते गाठायचे तर आजाराचा दोष एकट्या सुनेच्या माथी मारणेही थांबले पाहिजे. जनुक दोघांकडून येते, जबाबदारीही दोघांची आणि सगळ्या घराची आहे.