निरोप कसा पोचतो?

“नेट नाही” हे शब्द हल्ली गावोगाव ऐकू येतात. बँकेत ऐकू येतात, रेशनच्या दुकानात ऐकू येतात, सात-बाराचा उतारा काढायला गेलो तरी ऐकू येतात. नेट म्हणजे जाळे. पण हे जाळे कसले? ते कोणी विणले? आणि ते “नाही” म्हणजे नेमके काय नाही? हे ठाऊक नसले, की समोरचा सांगेल ते ऐकून रिकाम्या हाताने परतावे लागते. तेव्हा मंडळी, आज हे जाळे उलगडून पाहू.

आधी एक समज बाजूला ठेवू. पुष्कळांना वाटते, नेट आभाळातून येते. मोबाईलपासून टॉवरपर्यंतचा टप्पा हवेतला आहे, हे खरे. पण पुढचा बहुतेक प्रवास तारेचा असतो. ही तार तांब्याची नव्हे, काचेची. केसासारखी बारीक. तिच्यातून उजेड धावतो, आणि त्या उजेडाच्या लुकलुकीत आपला निरोप असतो. अशा तारा जमिनीत पुरलेल्या आहेत, समुद्राच्या तळाशीही टाकलेल्या आहेत. परदेशातून येणाऱ्या कित्येक तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. आखाती देशातला मुलगा घरी फोटो पाठवतो, तो बहुधा अशाच तारेतून समुद्राच्या पोटातून येतो.

आता हे सुरू कसे झाले ते ऐका.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात आर्पा नावाची एक कचेरी होती. १९६६ साली तिथे बॉब टेलर नावाचे अधिकारी काम करीत. त्यांच्या खोलीत टंकलेखनाची तीन यंत्रे होती. प्रत्येक यंत्र दूरच्या एकेका संगणकाला जोडलेले. पहिल्या संगणकाशी बोलायचे तर पहिल्या यंत्रापुढे बसा, दुसऱ्याशी बोलायचे तर उठा आणि दुसऱ्यापुढे बसा. टेलरसाहेब कंटाळले. त्यांच्या मनात आले, हे सगळे संगणक एकमेकांना जोडले तर एकाच यंत्राने भागेल! साधीच गोष्ट. पण ती सुचायला रोज तीन खुर्च्या बदलणारा माणूस लागला.

संगणक जोडायचे तर टेलिफोनच्या तारा होत्याच. मग अडचण काय? अडचण अशी, की टेलिफोनची तार कालव्याच्या पाळीसारखी असते. एकाची पाळी चालू असली, की चारीचे सगळे पाणी त्याचे. त्याने शेतात घेतले काय, न घेतले काय, बाकीच्यांनी बांधावर बसून राहायचे. दोन माणसे टेलिफोनवर गप्प बसली, तरी तार अडलेलीच. संगणक तर क्षणभर बोलतो आणि बराच वेळ गप्प असतो. त्याच्यासाठी सबंध तार अडवणे परवडणार कसे?

यावर तोड निघाली होती. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी ती आपापली, वेगवेगळी शोधली. ती तोड अशी : निरोप सबंध पाठवायचाच नाही. त्याचे तुकडे करायचे.

जुना लाकडी वाडा उतरवून दुसऱ्या गावी उभा करताना तुमच्यापैकी कोणी पाहिले असेल. सुतार आधी प्रत्येक तुळईवर, खांबावर खूण घालतो. मग वाडा सुटा होतो. गाड्या भरतात. एक गाडी घाटाने जाते, दुसरी नदीकाठाने जाते, कोणती आधी पोचेल त्याचा नेम नाही. पण खुणा आहेत ना! तिकडचा सुतार खुणा पाहून वाडा जसाच्या तसा उभा करतो. निरोपाचेही तसेच करतात. प्रत्येक तुकड्यावर अनुक्रमांक घालतात. कोठून निघाला आणि कोठे जायचा, तेही लिहितात. शेताला जसा गट नंबर, तसा प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो.

वाटेत नाके असतात. नाक्यावरचे यंत्र पत्ता वाचते आणि तुकडा पुढच्या नाक्याकडे ढकलते. एक वाट तुटली, तर दुसरी धरते. तुकड्यात काय लिहिले आहे, ते खरे की खोटे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही बरं का. तुकडा मिळाला, की तिकडचा संगणक पोच देतो. पोच आली नाही, तर इकडचा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. अशा रीतीने एकाच तारेतून हजारोंचे तुकडे पाठोपाठ जातात. पाळीचे भांडणच मिटले!

हे प्रत्यक्षात आले २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी संगणकापुढे बसला होता. दुसरा संगणक स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर. दोन्हीकडे कपाटाएवढे एकेक नाक्याचे यंत्र बसवले होते. क्लाइनला “लॉगिन” हा इंग्रजी शब्द पाठवायचा होता. त्याने ‘एल’ दाबले. टेलिफोनवरून तिकडे विचारले, मिळाले का? मिळाले. ‘ओ’ दाबले. तेही मिळाले. ‘जी’ दाबले, आणि तिकडचा संगणक बंद पडला!

तासाभराने तो दुरुस्त झाला आणि सबंध शब्द गेला. पण जाळ्यातून गेलेला पहिला निरोप दोन अक्षरांचाच. त्याच वर्षी जुलैत माणूस चंद्रावर उतरला होता आणि साऱ्या जगाने डंका पिटला होता. या दोन अक्षरांची दखल कोणी घेतली नाही. माझ्या मते रोजच्या जगण्यात आपल्या वाट्याला चंद्रापेक्षा ही दोन अक्षरेच जास्त आली.

वर्षअखेर चार संगणक जोडले गेले. पुढे अशी निरनिराळी जाळी झाली, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली सर्वांसाठी एक नियमावली मांडली, आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पाच्या जाळ्याने ती स्वीकारली. जाळ्यांचे हे मोठे जाळे, तेच इंटरनेट. भारतात सामान्य लोकांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले.

आता “नेट नाही” याकडे वळू. रेशनच्या दुकानात आपण यंत्रावर अंगठा ठेवतो. अंगठ्याच्या ठशाचे तुकडे होऊन ते दूरच्या संगणकाकडे जातात. तिथून “माणूस तोच” असे उत्तर येते, मग पावती निघते. यात दोन निरनिराळे बिघाड होऊ शकतात. पहिला, यंत्रापासून टॉवरपर्यंतची वाटच तुटणे. याला रेंज नाही म्हणतात. यंत्र दारात किंवा उंचावर नेले, की पुष्कळदा काम होते. दुसरा, वाट चांगली पण पलीकडचा संगणक गप्प. त्याला सर्व्हर डाऊन म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढपी समजा. पंगत मोठी आणि वाढपी थकला, तर पान मांडून काय उपयोग? १९६९ च्या त्या रात्री असेच झाले होते. तार शाबूत होती, बंद पडला तो पलीकडचा संगणक. अशा वेळी यंत्र घेऊन गच्चीवर चढले तरी फरक पडत नाही. थांबून पुन्हा अंगठा द्यावा लागतो.

तेव्हा नेट नाही असे कोणी म्हणाले, तर विचारावे, रेंज नाही की सर्व्हर बंद? कोणतेही असो, २०१७ सालच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळवले होते, की नेट बंद आहे किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यावरून कार्डधारकाला धान्य नाकारू नये. आधार कार्ड व रेशन कार्ड पाहून धान्य द्यावे आणि तशी नोंद वेगळ्या वहीत करावी.