आधी सिंक, मग ओटा!

घोडबंदर रोडला नवे टॉवर, डोंबिवलीत रिडेव्हलपमेंट, कल्याणला फ्लॅटचं पझेशन... आपल्याकडे कुठे ना कुठे किचनचं काम सुरूच असतं. ग्राइंडरची घरघर सुरू झाली की आपण खिडकी लावतो, हेडफोन चढवतो. विषय संपला! पण ग्राइंडर धरणाऱ्या कारागिराचं काय?

सिंकसाठी ओट्याचा दगड कापणं हे हातखंड्याचं काम आहे. सिंकच्या मापाचा साचा ठेवून खूण करायची, कोपऱ्यांना गोल भोकं पाडायची आणि डायमंड ब्लेडने ती सरळ रेषेत जोडायची. कोपरा थेट काटकोनात कापला, तर तडा तिथूनच जातो. सिंकच्या पुढे उरणारी अरुंद पट्टी तर जरा धक्का लागला तरी तुटते.

हे सगळं सुकं कापलं की घरभर पांढरा धुरळा. त्यातली सिलिका इतकी बारीक असते, की ती डोळ्यांना दिसत नाही आणि रुमालाने अडतही नाही. वर्षानुवर्षं ती फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. खोकला, धाप... अनेकदा टीबीच वाटतो. आणि हा आजार बरा होत नाही. ग्रॅनाइटपेक्षा सध्याच्या फॅशनमधला कृत्रिम क्वार्ट्झ जास्त धोक्याचा, कारण त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४पासून अशा दगडावर बंदीच घातली.

मग आपण काय करायचं? सोप्पं आहे. घरी ओट्याचं काम निघालं, तर सिंक आधी विकत घ्या. माप हातात असलं की दगडवाल्याकडेच, पाणी सोडून, मशीनवर कट मारून घेता येतो. पाण्यामुळे धूळ बरीच खाली बसते. घरात कापावंच लागलं, तर पाण्यावर चालणारा कटर आणि चांगला एन-९५ मास्क हवा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतणं मात्र नको, शॉक बसेल!

आणखी एक. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. ऑनलाइन फॉर्म भरायला आपल्याला कितीसा वेळ लागतो? ओटा बसवायला येणाऱ्या दादांना चहासोबत एवढं तरी विचारूया.