तरुणांचे स्नायू, मेद आणि अस्थिबल

उंची व वजन यांवरून तरुणाच्या अस्थिबलाचा अदमास बांधण्याची रीत सोयीची असली, तरी फसवी आहे. तिचे उत्तम प्रत्यंतर पुण्याचे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी जॉन यडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. वजनास उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक दोघांचाही २२.३, परंतु देहातील मेद यडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के. अर्थात स्नायुप्रभृति मेदविरहित भाग याज्ञिकांच्या वाट्यास तितका कमी आला.

अस्थींच्या दृष्टीने हा भेद गौण नव्हे. अस्थीवरील मुख्य भार देहाच्या वजनाचा नसून स्नायूंच्या ओढीचा असतो. स्नायू सांध्यालगत, आखूड तरफेवर जोडलेला असल्यामुळे हातातील अल्प वजन उचलतानाही त्यास वजनाच्या कितीतरी पट बल लावावे लागते. त्यामुळे अस्थीत उत्पन्न होणारा सूक्ष्म ताण अस्थिपेशी जाणतात आणि तदनुसार तेथे भर पडते वा झीज होते. १८९२ साली वोल्फने मांडलेल्या या विचारास फ्रॉस्टने १९८७ मध्ये नियमनाच्या उपपत्तीचे रूप दिले. टेनिसपटूंच्या १९७७ मधील पाहणीत पुरुषांच्या खेळत्या दंडाच्या अस्थीचे कवच दुसऱ्या दंडापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड आढळले. आहार, वय व अनुवंश दोन्ही हातांस एकच. तेव्हा हा फरक भाराचाच म्हटला पाहिजे.

मेदही वजनरूपाने काही भार घालतो खरा. तथापि तरुण पुरुषांत अस्थिघनतेशी अधिक निकटचा संबंध मेदविरहित भागाचा दिसतो, आणि उदरस्थ मेद तर दुर्बल अस्थींशी निगडित आढळतो.

अर्नाळ्यास वा पाचूबंदरास जाळे ओढणारा तरुण आणि विरारहून ६० किलोमीटरांवरील चर्चगेट गाठून दिवसभर खुर्चीत बसणारा त्याचा समवयस्क यांची वजने सारखी भरली, तरी अस्थींवरील भार सारखा नसतो. (लोकलच्या गर्दीत उभे राहणे हा व्यायाम खचित नव्हे!) दुसऱ्यास ऊनही थोडेच लाभते, मुंबईतील निरोगी तरुणांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्क्यांत ड जीवनसत्त्व अपुरे आढळले होते.

मापनाविषयी एक सावधगिरी अवश्य हवी. प्रचलित डेक्सा यंत्र अस्थिघनता क्षेत्रफळावर देते, घनफळावर नव्हे. सबब ठेंगण्या पुरुषाची अस्थी आहे त्याहून विरळ भासते. उंची व मेदविरहित वस्तुमान यांची नोंद न घेता पाश्चात्त्य प्रमाणाशी केलेली तुलना म्हणूनच संशयास्पद ठरते. अस्थिसंचय तिशीच्या सुमारास परमावधीस पोहोचतो. बाविसाव्या वर्षी खुर्चीत बसणाऱ्या तरुणापाशी त्यात भर घालण्यास जेमतेम सात-आठ वर्षे उरतात.